शोभतील तेवढ्या चोऱ्या

प्लास्टरमधला उजवा हात डाव्या हाताने सांभाळत बायको नवऱ्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसली होती. नवरा बावीस वर्षं या पोलीस ठाण्यात कारकून, पण तिने इथली पायरी आजच चढली. काल भर दुपारी दोघा चोरांनी तिला रस्त्यावर पाडून गळ्यातली साखळी ओढून नेली होती. साखळी तिच्या आईची. आई गेल्यापासून तिने ती एकदाही काढली नव्हती.

"लिहा ना," ती म्हणाली. "तुमच्याच हातून लिहून होतंय, तेवढं तरी बरं."

नवऱ्याला ठाण्यात सगळे आकडेमामा म्हणत. गुन्ह्यांचा महिन्याचा तक्ता तेच करायचे. नव्या नोकरीच्या उत्साहात त्यांनी जुनी दप्तरं उपसून एक गोष्ट शोधून काढली होती: शहर दुप्पट झालं की चोऱ्या दुपटीवर थांबत नाहीत, अडीचपट होतात. तो कागद घेऊन ते मोठ्या हौसेने तेव्हाच्या साहेबांकडे गेले. "माणसं दुप्पट, तर चोऱ्याही दुप्पटच हव्यात," साहेब म्हणाले. "वरच्या काय आभाळातून पडल्या?"

आभाळातून पडलेल्या चोऱ्यांची सोय मग साहेबांनीच लावली आणि काम मामांच्या गळ्यात मारलं. लोकसंख्येच्या मानाने महिन्याला किती चोऱ्या शोभतील ते मामांनी काढायचं. तेवढ्या चोरीच्या वहीत, उरलेल्या सगळ्या गहाळच्या वहीत. गहाळ वस्तूचा तपास करावा लागत नाही. समोरचा माणूस हुज्जत घालू लागला की गर्दीत पडली असेल, नीट आठवून बघा, असं म्हणायचं. बिचारे बरेचसे खरंच आठवून बघायचे. पुढे साहेब तीनदा बदलले, पण वह्या दोनच राहिल्या.

या महिन्याची चोरीची वही तेवीस तारखेलाच भरली होती. आज सव्वीस.

मामा साहेबांच्या खोलीत जाऊन आले. फक्त एक जास्त धरा, घरचीच आहे, असं त्यांनी चाचरत सांगून पाहिलं. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी हाताची चौकशी केली, दवाखाना कुठला ते विचारलं. मग शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरच्यांसाठी वही उघडायची, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं, मामा?"

मामा खोलीबाहेर आले. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. जागेवर येऊन त्यांनी दुसरी वही ओढली आणि लिहून टाकलं. इतक्या वर्षांत अक्षर कधी हललं नव्हतं, आजही हललं नाही, आणि याचीच त्यांना किळस आली.

बायकोने वही आपल्याकडे फिरवून वाचली.

"गहाळ? मग माझा हात कशाने मोडला?"

मागे बाकावर आणखी चौघे नंबर लावून बसले होते. मामांनी तोंड उघडलं आणि सवयीचंच वाक्य बाहेर पडलं. "अगं, गर्दीत पडली असेल. नीट आठवून बघ."

मग मागच्या माणसांकडे एकदा बघून तिने आवाज खाली आणला.

"सही कुठे करू?"

डाव्या हाताने तिला पेन धड धरता येईना. पहिलंच अक्षर रेघेखाली घसरलं. वही सरकू नये म्हणून मामांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली.