तिसरं मुसळ

“थांबा, थांबा! मधेच रिकामं जातंय!” डेनिसने कानावरचे हेडफोन काढले.

उखळाशी उभ्या जानकीबाई आणि माधुरीने मुसळं टेकली. दर उन्हाळ्यात मरोळच्या गावठाणात बाटल्यांत वर्षभर भरून ठेवायचा बॉटल मसाला कांडायला याच बाया घरोघरी येत. यंदा डेनिसने मिरच्यांच्या आधी उखळाजवळ मायक्रोफोन मांडला होता.

हा डेनिस एकेकाळी एका न्यू वेव्ह रॉक बँडचा मुख्य गायक. कॉलेजातल्या पोरी त्याच्या कपाळावरच्या झुलपावर जीव टाकत. मग बँड मोडला, केस गेले आणि उरली विमा कंपनीतली कारकुनी. निवृत्त झाल्यावर गड्याने एकट्याचा अल्बम काढायचा ध्यास घेतला. गिटार नाही, ड्रम नाहीत, फक्त गावठाणाचे आवाज. त्याचा ड्रमर शेर्विन गेल्या वर्षी वारला होता आणि दुसऱ्या कुणाच्या तालावर गाणं डेनिसच्या जिवावर येत होतं.

“दोन ठोके, मग काहीच नाही. असं का?”

“तिसरी शुभा होती ना, डेनिसभाऊ,” जानकीबाई म्हणाल्या. “दिवाळीत गेली. तिची जागा सुटते आपोआप.”

“मग दोघीच मारा ना लागोपाठ.”

त्यांनी मारून पाहिलं. मुसळावर मुसळ आपटलं, तिखट उडालं, माधुरीला शिंका आवरेनात.

“वाट लागली! नाय जमत, भाऊ. तीस वर्षांची सवय हाय,” जानकीबाई म्हणाल्या.

शेवटी बायांनी शुभाची जागा सोडतच मसाला कांडला. डेनिसने मग कॉम्प्युटरवर त्या सगळ्या जागा मशीनच्या ठोक्यांनी भरल्या. ताल बिनचूक झाला, पण गाणं त्याचं त्यालाच ऐकवेना. दोन दिवस चरफडून त्याने ते ठोके एकेक करून काढून टाकले.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर शेर्विनची बायको ॲनेट आली. तिला रुचलं नाही तर अल्बम गुंडाळून ठेवायचा, असं डेनिसने मनाशी ठरवलं होतं. त्याने गाणं लावलं.

“काय रे हे, मसाल्याचं गाणं?” ॲनेट हसली.

मग ती कान देऊन ऐकू लागली. ठोक्यांच्या चौथ्या-पाचव्या आवर्तनाला तिचं बोट टेबलावर पडलं, नेमकं त्या रिकाम्या जागेत. पुन्हा पडलं.

“शेर्विन जेवताना ताट वाजवायचा,” ती म्हणाली. “किती ओरडायचे रे मी त्याला.”

डेनिसला भडभडून आलं. गाणं संपलं तरी ॲनेटचं बोट थांबलं नव्हतं. त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.