कोऱ्या वकीलपत्रावरची सही

कौतिकनाना वकिलांच्या ऑफिसात आदिवासी मुलगी आहे, ही जळगावच्या कोर्टात पाहुण्यांना दाखवायची गोष्ट झाली होती. महिला दिन आला की नाना सरिता पावराला स्टेजवर पहिल्या खुर्चीत बसवत आणि माइकवरून सांगत, "सातपुड्यातली लेक, आमची ज्युनियर!" टाळ्या पडत. खाली उतरलं की तीच लेक फायलींचे गठ्ठे उचलायची. युक्तिवाद? नाव काढू नका! चार वर्षांत तिच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं, 'पुढची तारीख मिळावी, साहेब.'

पण तक्रार करणार कोणत्या तोंडानं? नानांच्या आधी तिनं नऊ ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. एक म्हणाला, लेडीज ज्युनियरची सोय नाही. दुसऱ्यानं आडनाव ऐकलं आणि घड्याळाकडं पाहिलं. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टेबलाशी जागा दिली ती नानांनीच.

त्या टेबलाची एक रीत होती. दर सोमवारी भटू कारकून कोऱ्या वकीलपत्रांचा गठ्ठा आणून ठेवायचा आणि ज्युनियरांनी खाली धडाधड सह्या ठोकायच्या. पक्षकार कोण, ते भटू नंतर भरायचा. सरितानंही ठोकल्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका गं, असं पाड्यावरच्या बायकांना बजावत फिरणारी ही बया! आता काय बोलायचं?

एके दिवशी मोगराबाई आली. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सरिताच्या शेजारच्या पाड्यावरची. केळीच्या बागेत कामाला गेली असताना पाण्याच्या माठाला हात लावला, म्हणून मालकाच्या पोरानं, भूपेंद्रनं, जातीवरून शिव्या देऊन तिला मारलं होतं. ॲट्रॉसिटीची केस उभी राहिली होती.

"सरकारी वकील दिलाय," ती पावरी बोलीत म्हणाली, "पण त्याचं मला कळत नाही, माझं त्याला. तू माझ्या बाजूनं उभी राहा."

सरिताचा ऊर भरून आला. याचसाठी तर शिकलो आपण! ती धावतच केसचे कागद बघायला गेली. आरोपीचं वकीलपत्र उघडलं, तर नानांच्या सहीखाली तिचीच सही.

"ताई, सही तं सहीच शे," भटू सुपारी कातरत अहिराणीत म्हणाला. "बठ्ठा ज्युनियर करतस." सगळेच करतात, म्हणे.

ती नानांकडे गेली. नाना ओरडले नाहीत, तापले नाहीत. "काढून घे नाव," ते म्हणाले. "पण आरोपीकडून एकदा नाव लागलं, की त्याच केसमध्ये फिर्यादीकडून उभं राहता येत नाही. कायदा शिकलीस ना? आणि नाव काढलंस, तर टेबलही दुसरीकडं बघ."

इकडे आड, तिकडे विहीर. नाव तसंच राहिलं. आणि मोगराबाईला खरं सांगायचं सोडून सरिता काय म्हणाली? "काळजी करू नको, काकी. मी कोर्टात असेनच." लाजेपोटी म्हणाली, दुसरं काही नाही. पण म्हणाली.

मोगराबाईच्या साक्षीच्या दिवशी दुभाषा तिसऱ्यांदा आला नाही. नाना उठले. "माझी ज्युनियर तीच बोली बोलते, साहेब. सरकार पक्षाची हरकत नसेल तर..." सरकारी वकील तारखांना कंटाळले होते. हरकत नाही म्हणाले. खरं तेच भाषांतर करीन, अशी शपथ सरितानं घेतली.

तिला बघून मोगराबाईचा चेहरा उजळला. सरकारी वकिलांचे प्रश्न नीट पार पडले. मग नाना उलटतपासाला उभे राहिले.

"मारणाऱ्याचं तोंड पाहिलं का, विचार."

हो म्हण काकी, नुसतं हो म्हण, असं मनात घोकत सरितानं विचारलं.

मोगराबाई चुलीपाशी लेकीशी बोलावं तशी बोलली. "तोंड कुठलं दिसतंय, पोरी! पाठीमागून मारलं, मी पालथी पडले. आवाज त्याचाच वाटला. 'पाहिलं' असं पोलिसांनी लिहिलं, मी अंगठा दिला. दुसऱ्या कुणाला नसतं सांगितलं. तुझ्याशी खोटं कशी बोलू?"

"काय म्हणाली?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

समोर मोगराबाई हसत उभी, शेजारी नाना, आणि तोंडून नुकतीच निघालेली शपथ. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सरिताला वाटलं. ती घेत नसते. सरितानं शब्दाला शब्द सांगितला. टायपिस्टनं टाईप केला. "शाब्बास," नाना हळूच म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मोगराबाईनं तिचे दोन्ही हात धरले. "आज पहिल्यांदा माझं कुणी ऐकलं बघ. तू होतीस म्हणून."

सरिताला रडू फुटलं. "काकी, मी भूपेंद्रची वकील आहे. तू बोललीस ते त्याच्याच कामी आलं. तो सुटेल आता."

मोगराबाई खळखळून हसली. "खुळी का काय तू!" पदरानं सरिताचे डोळे पुसत ती म्हणाली, "आपलं माणूस तिकडून कसं उभं राहील?"