हलका डबा

मी बोलतोय, तो ग्रीसचा जुना डबा. कान तुटलेला, अंगावर खडूने काढलेली लिफ्ट. ग्रीस संपल्यावर मी भंगारात जाणार होतो. कारखान्याच्या फोरमनने मला उचललं.

मालक महिन्याला एकच दुरुस्ती करून द्यायचा. कोणती, यावरून कामगारांची हमरीतुमरी व्हायची. फोरमनने तोडगा काढला. प्रत्येक कामाचा एक डबा, प्रत्येक माणसाला एक नट. जो डबा जड, ते काम आधी. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. निवाड्याला आपण लागतो, याचा मला अभिमान होता.

एका डब्यावर पंखा होता, एकावर नळ. पंख्याखाली सगळेच राबत, नळाचं पाणी सगळेच पीत. माल वर नेणाऱ्या लिफ्टमध्ये मात्र एकटाच चढायचा, वेल्डरचा धाकटा भाऊ. लिफ्टची तार उसवत चालली होती. तो सगळ्यांच्या आधी यायचा आणि माझ्यात नट टाकायचा.

"डबा आहे की खुळखुळा रे तुझा?" टर्नर हसायचा.

"हसून घ्या. तार तुटली की खुळखुळाही बंद."

फोरमन मला हातात तोलायचा. "हलका आहे. पुढच्या महिन्यात बघू."

मी हलका नव्हतो. टाकणारे हात कमी होते.

पंखे झाले. नळ झाला. सायकलींवर पत्रासुद्धा झाला. इतर डब्यांवरची चित्रं बदलली. माझं तेच राहिलं, फक्त खडू गिरवला जायचा.

मग एका डब्यावर वेल्डिंगचा धूर ओढणारा पंखा आला. धाकट्याने भावाला माझ्यापाशीच गाठलं.

"दादा, या खेपेला माझ्या डब्यात टाक."

"छाती भरलीय रे माझी धुराने. एवढा महिना काढ. पुढचा नट तुझाच, शब्द देतो."

"बरं," धाकटा म्हणाला आणि गाडा ढकलत गेला.

दादाचा हात माझ्यावर येऊन थांबला होता. खोकल्याची उबळ आली. नट शेजारच्या डब्यात पडला.

डबे सुट्टीच्या वेळी तोलायचे होते. त्याआधीच तार तुटली.

धाकट्याला लिफ्टमधून काढून बाहेर नेलं. एकेकाने शेजारच्या डब्यातून आपला नट काढला आणि माझ्यात टाकला. टर्नरनेही टाकला. दादा शेवटी आला. त्याने नट अलगद वर ठेवला. मी काठोकाठ भरलो होतो. वाजलो नाही.

लिफ्टला नवी तार आली. मला रिकामं करायला कोणी धजत नाही. वरच्या फळीवर मी गंजतोय, आतले नट एकमेकांना चिकटलेत. सगळ्यांत तळाशी धाकट्याचा आहे.

खालच्या फळीवर नवे डबे आहेत. डबे अजून हातानेच तोलतात. त्यातल्या एकावर मागचा जिना काढलाय, आणि दर महिन्याला त्यात एकच नट वाजतो. मला तो इथवर ऐकू येतो. तोलणाऱ्यांनो, डबा खाली ठेवण्याआधी तो नट कोणी टाकला ते विचारा, आणि त्या माणसाबरोबर एकदा तो जिना चढून या.