मालक ट्रॅकवर बसला

चिंचवडच्या कंपनीतली नोकरी सोडून एखादा इंजिनिअर आळेफाट्याला मोटारसायकल शर्यतीची टीम काढतो, तेव्हा माझ्यासारख्या चौकस माणसाला गप्प बसवत नाही. माझं स्पेअर पार्टचं दुकान ह्या इंजिनिअरच्या, म्हणजे नवनाथच्या, गॅरेजला चिकटून. शर्यतीत गाडी चालवायचा ओतूरचा आदेश. पाने फिरवायला मेकॅनिक होता. मग मालक नेमकं करतो काय, हे कोडं मी चार वर्षं सोडवत होतो. विचारलं की म्हणायचा, "काळजी करतो, सावळेरामभाऊ." त्याचे वडील नानासाहेब मास्तर तर माझ्याच दुकानात येऊन विचारायचे, "ह्यात आमच्या पोराचं शिक्षण कुठं लागतं, तुम्हाला काही दिसतं का?" मला दिसत नव्हतं, आणि तसं सांगायचा धीरही होत नव्हता.

२००२च्या फेब्रुवारीत ओतूरजवळ पडीक रानात, मातीच्या ट्रॅकवर मोसमातली शेवटची शर्यत होती. आदेश पहिला आला तर अख्ख्या मोसमाचा चषक आमचा. नाही आला तर तो पुण्याच्या मोठ्या टीमकडे जाणार, हे त्यानं नवनाथला तोंडावर सांगितलं होतं. आणि आदेश गेला की टीम बंद, एवढं मलाही कळत होतं.

त्या सकाळी सरावानंतर फ्रेमला हँडलखाली बारीक चीर सापडली. वेल्डिंग नवनाथनं स्वतःच केलं, वरून रंग मारला.

"धरेल ना?" मी विचारलं.

"धरायला पाहिजे," तो म्हणाला. इंजिनिअरच्या तोंडी हे उत्तर मला आवडलं नाही.

दहा फेऱ्यांची शर्यत. सातव्या फेरीला आदेश चांगला पुढे होता. उंचवट्यावरून गाडी उडाली, खाली टेकली आणि पुढचं चाक थरथरलं. मला ते दिसलंसुद्धा नाही, नवनाथला दिसलं. त्याचा चेहरा उतरला. गळ्यातला टॉवेल काढून तो जिवाच्या आकांतानं हलवायला लागला. थांब, थांब.

आता आमच्या भागात बैलगाडा शर्यतीच्या घाटात सुटला की कडेचा माणूस टॉवेल फिरवतो तो 'पळव' म्हणून. आदेश गाडेवाल्याच्या घरचा. त्यानं मूठ आणखी पिळली. मालकाचं बघून दोन-तीनशे लोकांनी टॉवेल, टोप्या, उपरणी फिरवायला सुरुवात केली. मीही फिरवला, खोटं कशाला सांगू.

"मालक लई खूश हाय राव," शेजारचा म्हणाला.

"अरे, थांबवतोय मी त्याला," नवनाथ ओरडत होता. त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार?

मग तो दोरी ओलांडून आत गेला आणि सरळ पट्ट्यात मधोमध मांडी घालून बसला. टीमचा माणूस ट्रॅकवर उतरला की टीम बाद, हा नियम मला समजावून सांगणारा तोच. आदेश वळणावरून आला, त्यानं पाहिलं, करकचून ब्रेक दाबले. गाडी आडवी होत दहा हातांवर थांबली. मागचे दोघं कडेनं निघून गेले.

पंचांनी टीम बाद केली. लोक शिव्या घालायला लागले. आदेशनं हेल्मेट मातीत आपटलं.

"येडं झालात का मालक? तीनच फेऱ्या ऱ्हायल्या व्हत्या."

गाडीपुढे गुडघे टेकून नवनाथनं हँडलखालचा रंग नखानं खरवडला. वेल्डिंगवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मीही वाकून बघितलं. वेल्डिंग शाबूत होतं. चाकाचे दोन स्पोक तेवढे ढिले झाले होते.

"कायच न्हाई झालेलं?" आदेशनं विचारलं.

"काही नाही रे," नवनाथ म्हणाला आणि हसायला लागला. चषक गेला, टीम चालली, आणि हा माणूस घरची बाई सुखरूप बाळंत झाल्यासारखा हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. मला आलेला राग कुठं गेला कळलं नाही.

"म्हंजी धरंल का न्हाई ते तुमालाबी म्हाईत नव्हतं?"

"नव्हतं. म्हणून तर बसलो."

आदेश बराच वेळ त्या खरवडलेल्या जागेकडे बघत राहिला. दोरीपलीकडे पुण्याच्या टीमचा माणूस त्याची वाट बघत उभा होता. आदेशनं हेल्मेट उचललं, माती झटकली आणि मालकाला हात देऊन उठवलं.

"पुढल्या साली फ्रेम नवी करू," तो म्हणाला.