वर्षअखेरीची शिचिमी

"अहो, जरा सावकाश," मी दातांतल्या दातांत म्हटलं आणि टेबलाखाली ह्यांचा पाय दाबला. ह्यांचा हात थांबला. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, म्हातारा दम घेतोय.

देवळाच्या दारात वर्षअखेरीचा बाजार भरला होता आणि आमच्यापुढे ही रांग. शिचिमी, आमचा सात जिनसांचा तिखट मसाला, गिऱ्हाइकासमोर कालवायची, तोंडानं एकेका जिनसाचं नाव गात कालवायची, ही ह्यांच्या घराण्याची रीत. सासरे ह्याच गादीवर बसून गायचे. "आधी घालतो लाल मिरची, उन्हात वाळलेली! मग काळपट मिरची, निखाऱ्यावर भाजलेली! तीळ, खसखस, भांगेचं बी, जीभ थरथरवणारी सान्शो मिरी, आणि शेवटी संत्र्याची साल! व्वा, काय वास!" त्या 'व्वा'ला लोक हसतात आणि खिशात हात घालतात.

पण गेल्या हिवाळ्यातल्या तापात ह्यांचं नाक गेलं ते गेलंच. मिरची झोंबते तेवढी कळते, सान्शोनं जिभेला मुंग्या येतात त्या कळतात. साल, तीळ, बाकी सगळं ह्यांना भुसा. मग हात आपोआप मिरचीकडे वळतो, कारण तेवढंच काय ते हाती लागतं. वास बरोबर उठला की मी पाय दाबायचा, असं आमचं ठरलं होतं. मुलीलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. शिचिमीवाल्याला वासच येत नाही ही बातमी एकदा बाजारात फुटली, की ह्या गादीपुढे कोण येणार? आणि गादी गेली तर हा माणूस घरात बसून काय करणार? मला त्याचीच धास्ती होती.

एवढ्यात शिगेनो आली. पुलापलीकडच्या सोबा शेवयांच्या हॉटेलची मालकीण. आवाज असा, की देवळातल्या घंटेनंही बाजूला व्हावं.

"कुरामोचीकाका, आमची शिचिमी भरा! उद्या वर्षाची शेवटची रात्र, अख्खा मोहल्ला सोबा खायला येणार. मिरची कमी, साल भरपूर. आमच्या मामंजींची चव, तुम्हाला काय सांगायचं!"

नेमकं त्याच वेळी यात्रेकरूंचं टोळकं तयार पुड्यांवर तुटून पडलं. मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जावंच लागलं. पुड्या बांधताना माझे कान इकडेच होते. ह्यांचं गाणं चाललं होतं, चमचा वाडग्यावर वाजत होता. लाल मिरचीच्या डब्याचं झाकण दुसऱ्यांदा उघडलेलं ऐकलं. हाक मारावी तर काय म्हणून मारावी?

"घ्या, बघा," ह्यांनी शिगेनोच्या तळहातावर चिमूट ठेवली.

तिनं हुंगली. चाटली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"हे आमचं नव्हे," खोकला आवरत ती म्हणाली. "काका, मागच्या खेपेलाही, काकू नव्हत्या तेव्हा, हेच. गिऱ्हाइकं पाण्याचे पेले मागत बसली. मी म्हटलं, चुकला असेल हात. पण दोनदा? आमच्याशी काही वाकडं आहे का? असेल तर तोंडावर सांगा."

मी धावत आले. "नाही गं बाई, यंदा मिरचीच जरा—"

"खोटं बोलू नकोस," हे म्हणाले.

"अहो..."

"पुरे झालं." ह्यांनी वाडगा खाली ठेवला आणि रांगेकडे बघत, गाण्याच्याच आवाजात सांगितलं, "मला वास येत नाही. वर्ष होत आलं. तिखट तेवढं कळतं."

रांगेतल्या एका गृहस्थानं भरून घ्यायला आणलेली लाकडी डबी हळूच कोटाच्या खिशात परत घातली आणि तो निघून गेला. त्याच्यामागे आणखी एक बाई गेली. मला त्या दोघांचा इतका संताप आला, की हातातली पुडी चुरगळली. ह्यांनी मात्र त्यांना मान लववून निरोप दिला.

"मग माझ्या उद्याचं काय?" शिगेनोनं विचारलं. आवाज खाली आला होता.

हे गादीवरून उठले. गुडघे धरून, सावकाश. चमचा माझ्यापुढे केला.

"बस."

"मी? तुमच्या घरात बायका कधी बसल्यात त्या गादीवर?"

"आता बस."

"मला येत नाही."

"येत नाही? मग वर्षभर माझा पाय कोण ठेचतंय? काळानिळा पडलाय!"

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मला हसूही येईना, रडूही येईना. बसले. गादी अजून गरम होती.

मी शिगेनोची शिचिमी नव्यानं कालवू लागले, हे शेजारी उभं राहून गाऊ लागले. माझा हात चुकीच्या डब्याकडे जात होता. तो ताळ्यावर येईपर्यंत हे खसखशीपाशीच घोळत राहिले, पोरासोरांची थट्टा करत राहिले. सालीपाशी आल्यावर वास उठला, थोडा कमी वाटला, आणखी अर्धा चमचा टाकला. मग तो भरून आला. 'व्वा' ह्यांनी म्हटलंच नाही. मी वर पाहिलं तेव्हा कळलं, ते माझं तोंड बघत होते. मी होकाराची मान डोलावली.

"व्वा," ते म्हणाले, "काय वास!"

शिगेनोनं चिमूट चाटली. मग जुन्या सवयीनं तिनं तळहात ह्यांच्या नाकासमोर धरला, "बघा काका, हे आमचं!" आणि तिच्या लक्षात आलं. हात मागे घ्यावा की नाही, तिला कळेना.

हे वाकले. रीतसर डोळे मिटून हुंगलं, मग बोटाच्या टोकावर कणभर घेऊन जिभेला लावलं आणि थांबून राहिले.

"काही झोंबत नाही," ते म्हणाले. "म्हणजे बरोबर असणार."

आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.