उभी राहिलेली मुलगी

क्लिफहोल्म शाळेची एक पद्धत होती आणि मुख्याध्यापिका मिस लॉरिमर यांना तिचा कोण अभिमान. काही आगळीक घडली की सकाळच्या प्रार्थनेनंतर त्या एवढंच म्हणायच्या, "जिने केलं असेल तिने उभं राहावं." मग जी उभी राहील तिला का, कसं, केव्हा असलं काही विचारायचं नाही. चौकशा पोलिसांनी कराव्यात, आमच्या मुली शब्दाच्या पक्क्या आहेत, असं त्या पालकांना ऐटीत सांगायच्या.

नेली ऑग्डनला यातलं काहीच माहीत नव्हतं. लँकेशरच्या एका गिरणीगावातून शिष्यवृत्ती मिळवून ती इथे समुद्रकाठी आली, त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. हजेरीपटावर ती हेलन होती, पण त्या नावाने घरी तिला कधी कोणी हाक मारली नव्हती.

मंगळवारी सकाळी मिस लॉरिमर व्यासपीठावर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"काल संध्याकाळी कुरणाचं फाटक कोणीतरी उघडं टाकलं," त्या म्हणाल्या. "जिने टाकलं तिने उभं राहावं. बार्नबी कड्याच्या वाटेवर घसरला. आज पहाटे त्याला गोळी घालावी लागली."

बार्नबी म्हणजे शाळेचं म्हातारं तट्टू. स्टेशनवरून मुलींच्या ट्रंका तोच ओढून आणायचा. नेली रोज न्याहारीच्या पावाच्या कडा खिशात लपवून त्याला नेऊन द्यायची, कारण या अख्ख्या शाळेत तिला बघून आनंद होणारा तेवढा एकच जीव होता. त्याला गोळी घातली हे ऐकलं, आधीचं सगळं बोलणं कानांवरून गेलं आणि तिचे पाय आपोआप सरळ झाले. तिच्या गावात कोणी गेल्याचं कळलं की माणसं हातातलं काम टाकून उभी राहत. तिचे वडील गेले त्या दिवशी मागांच्या खात्यातली सगळी माणसं अशीच उभी राहिली होती. नेलीने इकडेतिकडे पाहिलं. शंभर मुली ढिम्म बसलेल्या. काय दगडाच्या काळजाच्या पोरी आहेत, असं तिच्या मनात आलं.

"धन्यवाद, हेलन," मिस लॉरिमर म्हणाल्या. "बस. अकरा वाजता माझ्या खोलीत ये."

आपलं सांत्वन करायला बोलावलंय, असं नेलीला वाटलं!

बाहेर पडताच शेजारच्या पलंगावरच्या मॉडने तिचा दंड धरला. "डोकं फिरलं का गं तुझं? फाटक तू उघडं टाकलंस?"

"मी? छे!"

"मग उभी कशाला राहिलीस?"

"अगं, तो मेला ना."

मॉडचा आ वासला तो वासलाच. मग तिने शाळेची पद्धत समजावून सांगितली.

अकरा वाजता तिने बोलायचा प्रयत्न केला. "मिस, आमच्याकडे कोणी गेलं की आम्ही..."

मिस लॉरिमरनी हात वर केला. "उभं राहायला हिंमत लागते, हेलन. ती तू दाखवलीस. आता सबबी सांगून ती मातीत घालू नकोस."

"पण मिस, मी फाटक..."

"पुरे. नियम सगळ्यांना सारखा आहे."

सारखा होताच की! दुसऱ्या कुठल्या मुलीचे दोन शनिवारचे खेळ बंद झाले असते. नेलीच्या शिष्यवृत्तीची मात्र अट होती की गंभीर चूक विश्वस्तांना कळवायची. त्यांची तार गुरुवारी आली. शिष्यवृत्ती रद्द, शनिवारी घरी. घरी म्हणजे गिरणीत, आईच्या शेजारच्या मागावर, जन्मभर.

आणि फाटक कोणी उघडं टाकलं ते नेलीला माहीत होतं. सोमवारी संध्याकाळी हॉकीची काठी खांद्यावर टाकून, चहाला उशीर झाला म्हणून कुरणातून धावत आलेली मुलगी तिने खिडकीतून पाहिली होती. ती होती फिलिपा ट्रेंचर्ड, शाळेची हेडगर्ल. पण चुगली करायची नसते हे नेलीला गल्लीतच शिकवलं होतं, त्यासाठी या शाळेची गरज नव्हती. म्हणून मंगळवारीच तिने फिलिपाला बुटांच्या खोलीत एकटीला गाठलं होतं.

"मी तुम्हाला पाहिलं होतं," ती म्हणाली.

फिलिपाच्या हातातला चिखलाचा बूट खाली पडला. "कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही. तुम्हीच सांगा ना. माझी शाळा सुटेल हो."

फिलिपा वाईट मुलगी नव्हती. ती रडायलाच लागली. "मी उठणारच होते गं! शपथ. उठेपर्यंत बघते तर तू आधीच उभी. आणि मग... मला बसूनच राहावंसं वाटलं. उद्या सांगते. नक्की."

बुधवार गेला. गुरुवार गेला. प्रत्येक प्रार्थनेनंतर नेली पहिल्या रांगेतल्या त्या सोनेरी वेणीकडे बघत बसायची आणि मनातल्या मनात ओरडायची, ऊठ. अगं ऊठ ना!

शुक्रवारी मिस लॉरिमरनी जाहीर केलं की हेलन उद्या शाळा सोडते आहे. आणि फिलिपा उठली.

"मिस लॉरिमर, फाटक मी उघडं टाकलं."

आता सुटले, आईला पत्र लिहावं लागणार नाही, एवढंच नेलीच्या डोक्यात घुमत होतं.

मिस लॉरिमरनी चष्मा काढून पुसला. "फिलिपा," त्या म्हणाल्या, "एका लहान मुलीसाठी तू दोष स्वतःवर ओढून घेतेस. हेडगर्ल असावी तर अशी. पण दयेपोटी मला नियम मोडता येणार नाही. बस, बाळ."

फिलिपा उभीच होती. आणखी एक वाक्य बोलली असती तर काम झालं असतं. तिचे ओठ हललेही. तेवढ्यात मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग दहाजणींनी, मग सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. फिलिपा खाली बसली.

"ती खरं सांगतेय!" नेली ताडकन उठून ओरडली. "मिस, मी पाहिलंय! मी स्वतः पाहिलंय तिला!"

टाळ्या थांबल्या. "चहाडखोर!" मागून कोणीतरी फिसकारलं. नेली पहिल्या रांगेकडे बघत राहिली. सोनेरी वेणी हलली नाही.

"हेलन," मिस लॉरिमर म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं, "मंगळवारी तू यापेक्षा चांगली मुलगी होतीस."

शनिवारी गाडी ओढायला तट्टू नव्हतं, म्हणून म्हाताऱ्या माळ्याने, टॉबिनने, नेलीची ट्रंक ढकलगाडीवर घातली. कुरणाचं फाटक सताड उघडं होतं. ते लावायचं आता कोणाला कारण नव्हतं. नेली तिथे थांबली, तिने पाय जुळवले आणि हात खाली सोडले. निरोप द्यायला पायऱ्यांवर आलेल्या मुली एकमेकींना कोपरं मारून हसल्या.

टॉबिनने ढकलगाडी खाली टेकवली. डोक्यावरची टोपी काढली आणि काही न विचारता तिच्या शेजारी उभा राहिला.