साडेनऊची तपासणी

मास्तर तेवीस वर्षं कापड कापत होते. शाळांचे आणि दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. लांबलचक टेबलावर चाळीस-चाळीस थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि विजेच्या कटरने एका दमात कापून काढायचं. वरचा तुकडा आणि तळाचा तुकडा यांत सुताचाही फरक पडायचा नाही. म्हणून कारखान्यात, गल्लीत, अगदी सासुरवाडीतसुद्धा त्यांना सगळे मास्तरच म्हणत.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांना एका रेघेच्या जागी दोन रेघा दिसायला लागल्या. चष्मा बदलून झाला. मग पापण्या खाली ओघळायला लागल्या, मग घास चावता चावता जबडा थकायला लागला, मग हात. एके दिवशी कटरचं पातं अंगठ्याच्या नखाला चाटून गेलं, तेव्हा मालकाने स्वतः येऊन बटण बंद केलं. "मास्तर, घरी जा," तो म्हणाला. "कापड मी दुसरं आणीन, बोटं कुठून आणू?"

दवाखान्यातल्या डॉक्टरने समजावून सांगितलं, नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. विश्रांती घेतली की पोचतो, काम केलं की अडतो. दिवसातून चार वेळा गोळी, पहाटे, दहाला, दोनला आणि रात्री आठला, आणि काही झालं तरी ती चुकवायची नाही. आजार मोठा लबाड होता. सकाळी झोपून उठल्यावर मास्तर धडधाकट दिसायचे, चहाचा कप एका हाताने उचलायचे, शेजाऱ्यांशी हसून बोलायचे. दुपार कलली की मास्तरही कलायचे. संध्याकाळी शर्टाची बटणं बायको काढायची.

आजारपणामुळे काम सुटलेल्यांना विमा कार्यालयाकडून दरमहा भत्ता मिळतो. मास्तरांनी अर्ज केला. तपासणीला बोलावलं ते सकाळी साडेनऊला. मास्तर गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिथल्या डॉक्टरने हात वर करायला सांगितले, त्यांनी केले. चार पावलं चालायला सांगितलं, चालले. पेन उचलायला सांगितलं, उचललं. सात मिनिटांत सगळं आटोपलं. महिन्याभराने पत्र आलं: अर्जदार कामासाठी सक्षम आहे, सबब अर्ज नामंजूर.

अपील केलं. आठ महिने गेले आणि पुन्हा बोलावणं आलं. वेळ तीच, सकाळी साडेनऊ.

मास्तरांची थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. बोलावणं आल्याचं कळलं तशी ती चपला फटफटवत आली.

"अरे, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," ती म्हणाली. "आणि तू तिथे नवरदेव होऊन गेलास! या वेळी दाढी करू नकोस. काठी घेऊन जा. जरा लंगड."

"ताई, माझे पाय दुखत नाहीत गं."

"मग दुखव!"

मास्तरांची बायको हसली, पण मास्तर हसले नाहीत. "मी आयुष्यात कधी खोटं माप घेतलं नाही," ते म्हणाले. "आता या वयात सोंग करू?"

"मग बस खऱ्याचा झेंडा घेऊन," ताई म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

पण तिचं बोलणं मास्तरांच्या डोक्यात घर करून बसलं. सोंग करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं. मग आजार आहे तसा त्या लोकांना दिसावा कसा? तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी दोनची गोळी घेताना उत्तर त्यांना आपोआप सुचलं. गोळी घ्यायची नाही. बस. जे आहे तेच दिसेल, त्यात खोटं काय? रात्रीची आणि पहाटेची, दोनच तर चुकवायच्या. डॉक्टरने बजावलेलं त्यांना आठवत होतं. आठवत असूनही रात्री आठला त्यांनी बायकोदेखत पाण्याचा घोट घेतला, आणि गोळी मात्र पुन्हा डबीत ठेवून दिली.

सकाळी उठले तेव्हा डावा डोळा अर्धाच उघडत होता. "झोप झाली नाही," ते बायकोला म्हणाले. मनातून त्यांना बरं वाटलं. काम होणार होतं.

कार्यालयाचा हॉल पहिल्या मजल्यावर होता. लोखंडी खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर लाल आकड्यांची पाटी, एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला तपासणीच्या खोलीचं दार. मास्तरांच्या हातात एकतीस नंबर होता. पाटीवर सतरा. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं की दोनपैकी एक डॉक्टर रजेवर आहे, उशीर होईल.

जिना चढूनच मास्तरांचा जीव अर्धा झाला होता. अठरा. एकोणीस. समोरच्या रांगेत दोन बायका दिसत होत्या, एकसारख्या ओढण्या घेतलेल्या. मास्तरांनी एक डोळा मिटला तेव्हा एकच उरली. मान पुढे पडायला लागली, तशी त्यांनी हनुवटीला मुठीचा टेकू दिला. तोंडात लाळ साठत होती आणि गिळायला जोर लागत होता. ते रुमालात टिपत राहिले. बावीस. बायको काहीबाही बोलत होती, घरी जाताना काय काय घ्यायचं ते. मास्तर नुसते हं, हं करत होते.

"आवाज असा नाकातून का येतोय तुमचा?" तिने विचारलं.

"सर्दी."

दहा वाजले तशी ती पर्समधून पाण्याची बाटली काढत म्हणाली, "डबी द्या, दहाची गोळी."

मास्तर हलले नाहीत. तिने स्वतःच त्यांच्या खिशात हात घालून डबी काढली. काल दुपारी तिनेच ती भरली होती. चार कप्पे: रात्रीचा, पहाटेचा, दहाचा, दोनचा. तिने झाकण उघडलं आणि ती बघतच राहिली. चारही कप्पे भरलेले.

"कालची रात्रीची इथेच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पहाटेचीपण. अहो, तुम्ही माझ्यासमोर पाणी प्यायलात!"

"अजून... सहा नंबर," मास्तर म्हणाले. शब्द जाड होऊन बाहेर पडत होते. "आता घेतली... तर पुन्हा... बरा दिसेन."

"वेड लागलंय का तुम्हाला? उघडा तोंड."

त्यांनी मान फिरवली. तिने गोळी ओठांशी नेली, त्यांनी ओठ घट्ट मिटले. आजूबाजूचे लोक बघायला लागले. पाटीवर सव्वीस आलं. तिचे डोळे त्या आकड्याकडे गेले, पुन्हा त्यांच्याकडे आले, आणि मास्तरांना दिसलं की क्षणभर तिलाही मोह पडला. आठ महिने. पाचच नंबर. मग तिने डोळे गच्च मिटून उघडले.

"खड्ड्यात गेला तो भत्ता," ती म्हणाली. "घ्या म्हणते ना!"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण ते तिच्या हट्टामुळे नाही. छातीवर कोणीतरी कापडाचा अख्खा गठ्ठा ठेवावा तसं त्यांना झालं होतं. श्वास आत जात होता, पण पुरत नव्हता. गोळी जिभेवर पडली, पाण्याचा घोट आला, गळ्याने तो घेतला नाही. पाणी नाकातून परत आलं आणि गोळी हनुवटीवरून घरंगळून फरशीवर पडली. तेव्हा कुठे मास्तर घाबरले. आपण जे दाखवायला निघालो होतो ते आता आपल्या हातात राहिलेलं नाही, हे त्यांना कळलं. ओरडावंसं वाटलं, पण आवाजच फुटेना.

बायको खिडकीकडे धावली. "माझ्या नवऱ्याला श्वास घेता येत नाहीये, आधी आत सोडा!"

"बाई, इथे सगळेच आजारी आहेत," कारकून मान वर न करता म्हणाला. "नंबर आला की आवाज देऊ."

ती वळली, हॉल ओलांडून सरळ तपासणीच्या दाराकडे गेली आणि दार ढकलून आत शिरली. कारकून "अहो, अहो" करत उठेपर्यंत ती एका डॉक्टरीणबाईंना दंडाला धरून बाहेर घेऊन आली होती. पन्नाशीच्या, चष्मा केसांवर ढकललेला, हातात अजून कोणाची तरी फाईल. मास्तरांना बघताच त्यांनी ती फाईल खुर्चीवर टाकली आणि फरशीवर गुडघे टेकले.

"माझ्याकडे बघा. एका श्वासात आकडे मोजा. मध्ये श्वास घ्यायचा नाही."

"एक... दोन... तीन..." मास्तर सातावर थांबले.

"पुन्हा."

या वेळी पाच.

"रुग्णवाहिका बोलवा," त्या कारकुनावर ओरडल्या. "आत्ता!" मग त्यांनी मास्तरांचा खांदा धरला. "शेवटची गोळी कधी घेतली होती?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. पहाटे घेतली म्हणून सांगता आलं असतं. मग हे सगळं निव्वळ आजाराच्या नावावर जमा झालं असतं, आणि आठ महिन्यांची वाट वाया गेली नसती.

"काल," ते म्हणाले. "दुपारी... दोन. मीच... नाही घेतली."

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर राग आला, आणि त्याच्या मागोमाग राग नसलेलं काहीतरी. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी मास्तरांची मान स्वतःच्या हाताने उचलून धरली.

मास्तर नऊ दिवस दवाखान्यात होते, त्यांतले चार श्वासाच्या यंत्रावर. गळ्यातली नळी काढली त्या दिवशी ताई आली. पलंगाशी बसली, त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. मग पदराला डोळे पुसत म्हणाली, "मी काठी म्हटलं होतं रे. हे नव्हतं म्हटलं."

घरी आल्यावर तिसरं बोलावणं आलं. मास्तरांना वाटलं, झालं, आता फसवणुकीचा ठपका ठेवतील. पण वेळ दुपारी साडेतीनची होती. या वेळी बायकोने दोनची गोळी त्यांच्या हातावर ठेवली, ते गिळेपर्यंत नजर हटवली नाही, आणि मगच दोघं निघाले.

खोलीत त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बसायला सांगितलं आणि कागद समोर ओढला.

"त्या दिवसाचं मी सगळं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही औषध बंद केलंत तेही, आणि पुढे काय झालं तेही. पण त्यावरून मला काही ठरवता येत नाही. औषधाशिवाय माणूस किती आजारी पडतो हे मला मोजायचंच नसतं. औषध घेऊन त्याच्या अंगात काय उरतं, ते मोजायचं असतं. ते दाखवायला जिवावर उदार व्हायची गरज नव्हती. दुपारची वेळ मागून घ्यायची होती. अर्जाच्या मागे छापलेलं आहे."

"मागची अक्षरं मुंगीला तरी वाचता येतात का, डॉक्टर?" मास्तरांची बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी अर्ज उलटा करून पाहिला, केसांवरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि कागद आणखी जवळ नेला.

"तुम्ही काय काम करायचात ते मला करून दाखवा," त्या मास्तरांना म्हणाल्या. "हे टेबल घ्या."

त्यांनी टेबलावरच्या फायली स्वतः उचलून खाली ठेवल्या. मास्तर उठले. जरा लाजले. मग त्यांनी उजव्या हाताची मूठ कटरच्या दांड्यावर असावी तशी केली, डाव्या हाताचा पंजा नसलेल्या कापडावर दाबून धरला आणि कापायला सुरुवात केली. "ही पाठ," ते म्हणाले, "हा खांदा. इथे वळण येतं, इथे घाई करायची नाही." हात सरळ गेला, अलगद वळला, पुन्हा सरळ गेला. पहिला नग झाला. "आता दुसरा." डॉक्टरीणबाई घड्याळ बघत होत्या. तिसऱ्या नगाला खांदा जड झाला. चौथ्याला टेबलाच्या एका कडेच्या दोन कडा झाल्या. पाचव्याला बाहीच्या वळणावर हात खाली आला आणि टेबलावर तिरका घसरत गेला. मास्तरांनी तो उचलायचा प्रयत्न केला. उचलला गेला नाही.

"इथे चुकलं," ते म्हणाले. कापड नव्हतं, पातं नव्हतं, तरी त्यांची मान खाली गेली. "चाळीस नग वाया गेले."

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसाला असे किती कापायचात?"

"हजार-बाराशे."

त्यांनी लिहून घेतलं. मग पापण्या पाहिल्या, हात समोर धरायला लावून सेकंद मोजले, गळ्याची ताकद पाहिली. पाऊण तास लागला. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा असं करू नका. त्या दिवशी तुमच्या पत्नी दारावर थाप मारत बसल्या असत्या, तर आज आपण बोलत नसतो."

सहा आठवड्यांनी पत्र आलं. बायकोने लिफाफा उघडून वाचलं आणि जवळच्या खुर्चीवर बसली. भत्ता मंजूर झाला होता. दोन वर्षांसाठी, मग पुन्हा तपासणी. मास्तरांनी कागद हातात घेतला आणि मधली ओळ दोनदा वाचली. अर्जदार त्याच्या व्यवसायासाठी असमर्थ आहे.

"हेच हवं होतं ना आपल्याला?" ती म्हणाली.

"हेच हवं होतं."

"मग तोंड का पडलंय?"

"असमर्थ," मास्तर म्हणाले. "तेवीस वर्षं... आणि एवढ्याशा ओळीत." ते थांबले. याच ओळीसाठी आपण मरायला टेकलो होतो, हे त्यांना ठाऊक होतं. ती वाचून असं काही वाटेल, हे मात्र ठाऊक नव्हतं. तिने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, नीट घडी घालून कपाटात ठेवला आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

घरातली ओढाताण त्या पत्राने मिटली. एक गोष्ट मात्र मिटली नाही. गोळीची वेळ झाली की ती हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची.

"गिळली?"

"गिळली."

"आ करा."

पहिल्यांदा तिने असं म्हटलं तेव्हा मास्तरांना राग आला होता. नंतर नाही आला. ते निमूटपणे आ करायचे, जीभ उचलून दाखवायचे, आणि ती आत नीट बघून घ्यायची.